निबंध 'पुन्हा लिही' म्हणजे नेमकं काय बदलायचं?

सीनाकाठची | सोमवार, रात्री १०.४०

नमस्कार मंडळी. मी करमाळा तालुक्यातली, यंदाच पुण्यात बी.ए.च्या पहिल्या वर्षाला आले. आम्हाला मराठी लेखनाचा एक पेपर आहे. त्यात मॅडम निबंध एकदा लिहून घेऊन मार्क देत नाहीत. आधी कच्चा खर्डा, मग त्यांचे शेरे वाचून दुसरा, मग पक्का, आणि सगळे कागद एकत्र टाचून द्यायचे. खर्ड्याखर्ड्यांत काय बदललं, यालाच जास्त मार्क आहेत.

विषय आहे 'मला रोज दिसणारी पुण्यातली एक जागा'. मी अभ्यासिकेवर लिहिलं, कारण कॉलेज सुटलं की माझा सगळा वेळ सदाशिव पेठेतल्या अभ्यासिकेतच जातो. सुरुवात अशी केली आहे:

"आजच्या धकाधकीच्या व स्पर्धेच्या युगात शिक्षणाला अनन्यसाधारण महत्त्व प्राप्त झाले आहे. पुणे हे विद्येचे माहेरघर म्हणून ओळखले जाते. ग्रामीण भागातून हजारो विद्यार्थी उराशी स्वप्ने बाळगून येथे येतात. अशा विद्यार्थ्यांसाठी अभ्यासिका ही काळाची गरज आहे."

दुसऱ्या परिच्छेदात अभ्यासिकेचे फायदे आहेत. तिसऱ्यात तिथली शांतता, शिस्त, आणि घरी सहा माणसांत बसून अभ्यास करण्यापेक्षा स्वतःची एक खुर्ची असणं किती वेगळं आहे ते. चौथा असा:

"अभ्यासिका चोवीस तास उघडी असते. महिन्याचे १२०० रुपये सर्वांना सारखेच आहेत. मात्र मुली साडेनऊच्या सुमारास उठतात कारण वसतीगृहाचे दार दहाला बंद होते. त्यांच्या रिकाम्या खुर्च्यांवर पाय ठेवून मुले रात्री वाचत बसतात. तरीही अभ्यासिका विद्यार्थ्यांच्या जीवनात मोलाची भूमिका बजावते."

शेवटी एक सुविचार घालून समारोप.

मॅडमनी सुरुवातीच्या भागावर एकही खूण केली नाही. चौथ्या परिच्छेदाशेजारी मात्र पेन्सिलीने लिहिलं, 'निबंध इथे आहे. पुन्हा लिही.' मी सगळं शुद्धलेखन तपासलं, काही ठिकाणी जास्त चांगले शब्द घातले, अक्षर नीट काढलं आणि दुसरा खर्डा दिला. त्यावर तोच शेरा परत आला.

वर्गातल्या मुली म्हणतात की मॅडम उगाच त्रास देतात. मला तसं वाटत नाही, त्या प्रत्येकीचा कागद मनापासून वाचतात. पण ज्यात चूक दाखवलेलीच नाही तो निबंध पुन्हा लिहायचा म्हणजे त्यात बदलायचं काय, हे मला कोणीतरी समजावून सांगा.

---

टेबल_सतरा | सोमवार, रात्री ११.१५

मीही पेठेतच असतो, यूपीएससी करतोय. तुझा पहिला परिच्छेद मी वाचला की नुसती नजर फिरवली ते मला सांगता येणार नाही. चौथ्यावर मात्र थांबलो. रात्री अकरानंतरच्या त्या रिकाम्या खुर्च्या मीही रोज बघतो. त्यांच्याबद्दल कोणी लिहिलेलं अजून वाचलेलं नाही.

आमच्याकडे निबंधाचा पेपर २५० मार्कांचा असतो. तीन तासांत दोन निबंध, प्रत्येकी १००० ते १२०० शब्द. पुन्हा लिहायला वेळच नसतो, म्हणून खोडाखोड लिहिण्याआधी करावी लागते. पहिली वीस-पंचवीस मिनिटं मागच्या पानावर मुद्दे मांडायचे, अर्धे कापायचे, उरलेल्यांचा क्रम ठरवायचा. तो क्रम ठरवताना पहिला प्रश्न हाच असतो, की मला या विषयावर असं काय म्हणायचं आहे जे हॉलमधले बाकीचे लिहिणार नाहीत. तुझ्याकडे ते आहे, फक्त ते चौथ्या नंबरवर बसलंय.

---

खडूफळा | मंगळवार, सकाळी ७.०५

मी पुण्यातल्याच एका कॉलेजात मराठी शिकवते. (तुझ्या मॅडम मी नाही, आधीच सांगते.) तास सुरू व्हायच्या आधी सविस्तर लिहिते, कारण हा प्रश्न दरवर्षी माझ्या वर्गात येतो आणि त्याला उत्तर द्यायला पंचेचाळीस मिनिटं पुरत नाहीत.

आधी एक कर. नवीन काही लिहू नकोस. तुझा कच्चा खर्डा घे आणि समासात प्रत्येक परिच्छेदापुढे एकेक वाक्य लिही: हा परिच्छेद काय म्हणतो? 'कशाबद्दल आहे' ते नको, 'काय म्हणतो' ते हवं. तू दिलेल्या माहितीवरून मी करून दाखवते.

पहिला: शिक्षण महत्त्वाचं आहे आणि पुण्यात विद्यार्थी येतात.
दुसरा: अभ्यासिका उपयोगी असते.
तिसरा: अभ्यासिका उपयोगी असते, विशेषतः ज्यांना घरी जागा नाही त्यांना.
चौथा: जागा चोवीस तासांची, पैसे सारखे, पण मुलींना रात्र मिळत नाही.
पाचवा: अभ्यासिका उपयोगी असते.

समासातली ही पाच वाक्यं वरून खाली वाच. एकच गोष्ट तीन-चारदा आली आहे, आणि एकच परिच्छेद असा आहे की जो वाचून समोरचा म्हणेल, 'हं, मग?' त्या परिच्छेदाच्या शेवटी तू काय केलंस ते बघ. 'तरीही अभ्यासिका मोलाची भूमिका बजावते.' म्हणजे जे दिसलं ते लिहिलंस आणि लगेच दार लोटून घेतलंस. शाळेच्या निबंधात कोणाला दुखवायचं नसतं, प्रत्येक गोष्टीचा शेवट गोड करायचा असतो, ती सवय इथे आडवी आली. ती तुझी एकटीची नाही. दहावीपर्यंत आपण मुलांकडून 'नदीचे आत्मवृत्त' आणि 'सूर्य उगवला नाही तर' लिहून घेतो. त्यात कल्पना असते, भाषेची ओळख होते, ते वाईट नाही. पण 'मला हे दिसलं, आणि त्यावरून मला असं वाटतं' हे वाक्य त्यात फार क्वचित लागतं.

आता पुन्हा लिहिणं. कोरं पान घे. वर एका ओळीत चौथ्या परिच्छेदाचं म्हणणं लिही आणि जुना खर्डा मिटून ठेव, समोर ठेवलास तर त्यातलीच वाक्यं उतरवशील. मग स्वतःला विचार, हे म्हणणं वाचणाऱ्याला पटायचं तर त्याला आणखी काय माहीत असायला हवं?

इथे तुझा तिसरा परिच्छेद परत कामाला येतो. सहा माणसांच्या घरातून आलेल्या मुलीला स्वतःची एक खुर्ची मिळणं म्हणजे काय, हे वाचकाला आधी कळलं, तरच ती खुर्ची रात्री साडेनऊला सोडावी लागणं त्याला टोचेल. आत्ता तो परिच्छेद अभ्यासिकेची स्तुती करतोय. नव्या खर्ड्यात तोच मजकूर नुकसान किती आहे ते दाखवेल. एकही शब्द न बदलता त्याचं काम बदललं. पुन्हा लिहिण्यातला मला सर्वांत आवडणारा भाग हाच, आणि मुलांना तो सांगून कळत नाही, करून बघावा लागतो.

पहिला परिच्छेद मात्र काढ. वाईट वाटेल, तरी काढ. तो तू लिहायला बसावीस म्हणून लिहिलेला आहे. त्याचं काम झालं.

---

औंधकर | मंगळवार, दुपारी १.३०

खडूफळा, समासातल्या वाक्यांची युक्ती फार उपयोगी आहे. आम्ही ती इंग्रजीत करायचो. अमेरिकेत एम.ए. करताना मी पहिल्या वर्षाच्या मुलांना 'कॉम्पोझिशन' शिकवत असे. तिथे बहुतेक विद्यापीठांत पुढे इंजिनियर व्हायचं असो की नर्स, हा विषय घ्यावाच लागतो. हार्वर्डने तो पहिल्या वर्षाला सक्तीचा केला १८८५ साली. (फर्ग्युसन सुरू झालं तेच वर्ष.) नंतरची कित्येक दशकं तिथेही निबंध घ्यायचा, लाल शाईने चुका काढायच्या आणि परत द्यायचा, एवढंच चालायचं. डोनाल्ड मरे नावाच्या पत्रकार-शिक्षकाने १९७२ साली ठामपणे मांडलं, की तयार निबंधाची चिरफाड करण्यापेक्षा मुलं लिहितात कशी तिकडे लक्ष द्या.

सीनाकाठची, तुमच्या प्रश्नाला थेट लागू पडणारा अभ्यास नॅन्सी सॉमर्स यांचा आहे, १९८० सालचा. त्यांनी कॉलेजच्या पहिल्या वर्षाची मुलं आणि लिहिण्यात मुरलेली मोठी माणसं यांचे खर्डे शेजारी ठेवून पाहिले. मुलं मुख्यतः शब्द बदलत होती: हा शब्द दोनदा आला, तिथे दुसरा घाल. मुरलेली माणसं आधी आपलं म्हणणं काय आहे ते शोधत होती आणि त्याप्रमाणे निबंधाची बांधणीच हलवत होती. शब्दांकडे ती नंतर वळायची. तुम्ही दुसऱ्या खर्ड्यात जे केलंत ते जगभरातली पहिल्या वर्षाची मुलं करतात.

आणि ज्याच्यापासून हा लेखनप्रकार सुरू झाला असं मानतात, त्या फ्रान्सच्या मोंतेन्यचं उदाहरण मला फार जवळचं वाटतं. त्याचे निबंध पहिल्यांदा छापले गेले १५८० साली. १५८८च्या आवृत्तीत त्याने तेच निबंध जागोजागी वाढवले आणि त्यांत आणखी नव्या निबंधांची भर घातली. नंतर त्या छापील प्रतीच्या समासांतही १५९२ साली मरेपर्यंत तो लिहीत राहिला. आजच्या कित्येक आवृत्त्यांत कोणतं वाक्य कोणत्या वेळचं, हे अक्षरांच्या खुणांनी दाखवलेलं असतं. तुमच्या मॅडम सगळे खर्डे एकत्र टाचून मागतात त्यामागे मला तेच दिसतं.

एक करण्यासारखं सांगतो. तुमचा खर्डा एखाद्या मैत्रिणीला वाचायला द्या, पण 'कसा वाटला' असं विचारू नका, ती 'छान' म्हणेल आणि तुम्हाला काहीच हाती लागणार नाही. आमच्या वर्गात वाचणाऱ्याला फक्त दोन गोष्टी बोलायची परवानगी असायची. मला तुझं म्हणणं असं ऐकू आलं. आणि इथे मला आणखी हवं होतं. बस्स.

---

नारायणपेठी | मंगळवार, सायंकाळी ६.५०

औंधकरांनी हार्वर्ड आणि फ्रान्स सांगितलं, मी आपल्या पेठांतलं सांगतो. पोरी, तू माझ्या नातीच्या वयाची आहेस म्हणून तू म्हणतो.

मुक्ता साळवे हे नाव तू ऐकलं असशील. जोतीराव आणि सावित्रीबाईंच्या पुण्यातल्या शाळेची विद्यार्थिनी. तिचा 'मांग महारांच्या दुःखाविषयी' हा निबंध १८५५ साली 'ज्ञानोदय'मध्ये छापून आला. एका शाळकरी मुलीचा निबंध, आणि मी आजवर वाचलेल्या मराठी निबंधांत त्याला फार वरची जागा देतो. ती काय करते ते नीट बघ. वेद ही आमचीच मत्ता, इतरांनी ते पाहूही नयेत, हे समोरच्या पक्षाचं म्हणणं ती जसंच्या तसं उचलते. ते नाकारत बसत नाही. म्हणते, बरं, तर मग यावरून उघडच आहे की आम्हाला धर्मपुस्तक नाही, म्हणजे आम्ही धर्मरहित आहोत. समोरच्याचं वाक्य ती शेवटपर्यंत चालवत नेते, आणि तिथे गेल्यावर ते वाक्य उच्चारणाऱ्यालाच तोंड लपवायला जागा राहत नाही.

दुसरं म्हणजे ती मोघम बोलत नाही. 'आमच्यावर फार अन्याय झाला' एवढ्यावर भागवत नाही. पेशवाईतले अत्याचार सांगताना गुलटेकडीच्या मैदानाचं नाव घेते. बाळंतिणीच्या घरावर छप्पर नसतं, हे लिहिते. तुझ्या त्या 'रिकाम्या खुर्च्यांवर पाय ठेवून' या तीन-चार शब्दांत मला तोच नेमकेपणा दिसला.

आपल्या शास्त्रग्रंथांत आधी पूर्वपक्ष मांडायचा आणि मग उत्तरपक्ष, अशी रीत होती. विरोधकाचं म्हणणं त्याला स्वतःला मांडता येणार नाही इतक्या चांगल्या तऱ्हेने आधी मांडायचं. विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी १८७४ साली पुण्यातून 'निबंधमाला' सुरू केली, तिचे ८४ अंक निघाले, आणि बहुतेक सगळा मजकूर त्यांच्या एकट्याच्या हातचा. त्यांनी जोतीरावांवर जे लिहिलं ते मला मुळीच मान्य नाही आणि तिथे त्यांनी पूर्वपक्षाला न्याय दिला असंही मी म्हणणार नाही. पण एक मुद्दा धरून तो पानोपान सोडायचा नाही, ही चिकाटी त्यांच्याकडून घेण्यासारखी आहे. पुणे मराठी ग्रंथालयात जाऊन जुने अंक चाळून बघ. एक दुपार घालव.

तुझ्या निबंधात पूर्वपक्ष नाही. अभ्यासिकेचा मालक तुझं म्हणणं वाचून काय म्हणेल?

---

टेबल_सतरा | मंगळवार, रात्री ९.२०

मालक काय म्हणेल ते मी सांगू शकतो, कारण आमच्या मालकांशी मी रोज बोलतो. ते म्हणतील, खुर्ची महिनाभर तुझ्या नावावर आहे, मी ती रात्री दुसऱ्याला विकत नाही. भाडं, वीज, वायफाय, पाण्याचे जार, सगळं तेवढंच लागतं. वसतिगृहाने दार लावलं तर मी पैसे का कमी करू?

हे म्हणणं कच्चं नाही. याला उत्तर नसेल तर तुझा निबंध तिथेच पडेल.

---

जुना_वाडा | बुधवार, सकाळी ९.१०

चर्चा चांगली चालली आहे, पण मुलीच्या परीक्षेचाही विचार करा. मी अनेक वर्षं उत्तरपत्रिका तपासल्या. सत्राच्या शेवटच्या पेपरात तिला तासाभरात चार प्रश्न सोडवायचे असतील, त्यातला निबंध एक. तिथे तपासणारा प्रास्ताविक, मुद्दे, समारोप शोधतो, कारण त्याच्यासमोर गठ्ठा असतो आणि प्रत्येक कागदाला न्याय द्यायचा असतो. ठरलेला साचा मुलांना आधार देतो. ग्रामीण भागातून आलेल्या, घरात पुस्तकं नसलेल्या मुलाला तो साचाच पहिल्यांदा चार परिच्छेद लिहायचं बळ देतो. तो मोडायला शिकवताना हे विसरू नये.

---

खडूफळा | बुधवार, दुपारी ३.४०

जुना_वाडा, तुमच्या मुद्द्याशी मी सहमत आहे. साचा लागतो. माझ्या वर्गात असे विद्यार्थी येतात की ज्यांनी स्वतःहून सलग एक पान कधी लिहिलेलं नाही, त्यांना मीही साचाच देते.

फक्त, सीनाकाठची त्या पायरीवर नाही. तिला साचा येतो, आणि त्या साच्यात न मावणारी गोष्ट तिला दिसली आहे. तासाभराच्या पेपरात तिने साचा जरूर वापरावा. पण ज्या पेपरात महिनाभर वेळ आहे, शिक्षक शेरे लिहून कागद परत देताहेत, तिथे ती वेळ वापरली नाही तर पुढे कधी मिळणार? एम.ए.ला माझ्याकडे येणाऱ्या मुलांनी आयुष्यात एकही निबंध दुसऱ्यांदा लिहिलेला नसतो. शोधनिबंध लिहायला बसले की ते अडतात, आणि तेव्हा शिकवायला कोणाकडेच सवड नसते.

---

कर्वेरोड | बुधवार, रात्री १०.०५

एक प्रयोग केला, सांगतो. सीनाकाठचीने वर दिलेले दोन्ही परिच्छेद चॅटजीपीटीला दिले आणि 'सुधारून दे' म्हटलं. वाक्यं गुळगुळीत झाली, 'विद्येचे माहेरघर' राहिलं, आणि खुर्च्यांवर पाय ठेवण्याचं वाक्य गायब झालं. त्याऐवजी 'लैंगिक समानतेच्या दृष्टीने विचार होणे आवश्यक आहे' असं आलं. मला ते बघून खरंच वाईट वाटलं.

---

औंधकर | बुधवार, रात्री ११.३०

कर्वेरोड, नेमकं हेच होतं. त्या यंत्राला वसतिगृहाचं दार दिसलेलं नाही, आणि जे सगळीकडे म्हटलं जातं तिकडेच ते मजकूर ओढतं.

त्याला जोडूनच विद्यार्थ्यांनी लक्षात ठेवावं असं एक. 'हा मजकूर यंत्राने लिहिला का' हे ओळखणाऱ्या साधनांवर शिक्षकांनी फार विसंबू नये. २०२३ साली स्टॅनफर्डच्या संशोधकांनी अशा सात साधनांना टोफेल परीक्षेतले, इंग्रजी मातृभाषा नसलेल्या माणसांनी स्वतः लिहिलेले निबंध दिले. सरासरीने निम्म्याहून जास्त निबंधांवर 'यंत्राचा' असा शिक्का बसला. साधी वाक्यं, ठरावीक शब्द, एवढ्यावरून. त्याच वर्षी जुलैत चॅटजीपीटी बनवणाऱ्या ओपनएआयने स्वतःचं ओळखसाधन अचूक नाही म्हणून मागे घेतलं. तेव्हा आपले खर्डे जपून ठेवणं हाच चांगला पुरावा. हाताने लिहिलेले असतील तर तारीख टाका, गूगल डॉक्समध्ये असेल तर आधीच्या आवृत्त्या तिथेच राहतात.

---

सीनाकाठची | शुक्रवार, रात्री ८.१५

सगळ्यांना मनापासून धन्यवाद. समासात वाक्यं लिहून बघितली, खडूफळा मॅडमनी लिहिली तशीच निघाली. मग नारायणपेठी आजोबांनी विचारलेला प्रश्न डोक्यात राहिला, म्हणून मी सरळ मालकांना जाऊन विचारलं. ते टेबल_सतरा दादांनी लिहिलं तेच बोलले, पण एक जास्त: 'मी कुठे उठवतो तुम्हाला? बसा की रात्रभर.'

मग रांगेतल्या मुलींशी बोलले. मला वाटत होतं सगळ्याजणी वसतिगृहाच्या दारामुळे उठतात. तसं नाही. दोघी कॉट बेसिसवर (भाड्याच्या खोलीत फक्त एका खाटेचे पैसे देऊन) राहतात, त्यांच्या इमारतीला वेळेचं बंधन नाही. त्याही साडेनऊलाच उठतात. कारण नंतर एकटीने बोळातून जावं लागतं आणि आत्ता निघालं तर चौघी बरोबर असतात. एक म्हणाली, घरून आईचा फोन दहाला येतो आणि मागे फॅनचा आवाज आला की आई विचारते, अजून बाहेर?

आता अडचण अशी की माझं म्हणणंच बदललं. मी पैशांवर लिहिणार होते. मालकांशी बोलल्यावर पैसे हा मुद्दा मागे पडला. मग सुरुवातीपासून परत लिहू का?

---

खडूफळा | शुक्रवार, रात्री ९.००

हो. सुरुवातीपासून लिही.

---

उकार_वेलांटी | शनिवार, सकाळी ११.२०

मी मुद्रितशोधनाचं काम करते. धागा वाचत होते, आता माझी पाळी आली असं वाटलं.

शुद्धलेखन शेवटी बघायचं असतं, पण बघायचं असतंच. जो परिच्छेद उद्या काढणार त्यातले ऱ्हस्व-दीर्घ आज तपासणं म्हणजे वेळ वाया. पण पक्का खर्डा झाला की तेवढ्याच एका कामासाठी वेगळी बैठक ठेव. त्या बैठकीत अर्थ वाचायचा नाही, शेवटच्या वाक्यापासून उलटं वर जायचं म्हणजे अक्षरं दिसतात.

आपले लेखनाचे नियम फार नाहीत. मराठी साहित्य महामंडळाचे १९६२चे चौदा आणि १९७२ साली घातलेले चार, एकूण अठरा. तुझ्या खर्ड्यात एकच दिसलं: 'वसतिगृह' असं लिही, ति ऱ्हस्व. तो शब्द तुझ्या निबंधात सारखा येणार, म्हणून सांगते. 'आणि', 'परंतु', 'तथापि' यांचे शेवट ऱ्हस्व ठेव, मुलं तिथेच जास्त चुकतात.

आणि मोठ्याने वाच. ज्या वाक्यात तुझा श्वास अडतो तिथे वाचणाऱ्याचंही डोकं अडतं.

---

सीनाकाठची | रविवार, दुपारी ४.३०

नवा खर्डा. सगळा देत नाही, लांब आहे. घरातल्या सहा माणसांचा आणि खुर्चीचा परिच्छेद आता पहिला आहे. त्यानंतर हे येतं:

"आमच्या अभ्यासिकेच्या पाटीवर '२४ तास' असं लिहिलेलं आहे. रात्री साडेनऊला माझ्या रांगेतल्या मुली पुस्तकं मिटून उठतात. वसतिगृहाचं दार दहाला बंद होतं. जिच्या इमारतीला दाराची वेळ नाही, तीही आमच्याबरोबर उठते, कारण अकरा वाजता एकटीने बोळातून जाण्यापेक्षा आत्ता चौघींनी गेलेलं बरं. मालक म्हणतात, खुर्ची तुमचीच आहे, मी कुठे उठवतो? ते खरं आहे. आम्हाला कोणीच उठवत नाही. वॉर्डन अभ्यासिकेत येत नाहीत, बोळात कोणी अडवलेलं नाही, आई फक्त फोन करते. प्रत्येकाने आपापल्या जागी थोडीशी काळजी घेतली आहे, आणि ती सगळी काळजी मिळून साडेनऊ वाजतात. आम्ही गेल्यावर आमच्या खुर्च्यांवर पाय ठेवून मुलं वाचत बसतात. त्यांनी खुर्ची हिसकावलेली नाही. ती रिकामीच होती."

पुढे पूर्वपक्ष म्हणून मालकांचा सगळा हिशेब घातला आहे, भाडं-वीज धरून. सुविचार काढला. शेवट कसा करू ते कळत नाही. 'यावर समाजाने विचार केला पाहिजे' असं लिहिलं होतं, ते खोडलं.

---

टेबल_सतरा | रविवार, सायंकाळी ५.१०

'ती सगळी काळजी मिळून साडेनऊ वाजतात' या वाक्याला हात लावू नकोस. आमच्या अभ्यास गटाला वाचून दाखवलं, परवानगी न घेता, चालेल ना?

---

नारायणपेठी | रविवार, रात्री ७.४५

मालकाचा पूर्वपक्ष तू मान्य करून पुढे गेलीस, हे उत्तम झालं. त्याला खलनायक केलं असतंस तर निबंध सोपा झाला असता आणि छोटाही.

---

खडूफळा | रविवार, रात्री ९.३०

वाचला. तुझ्या मॅडमना जो निबंध दिसला होता तो बहुधा आला कागदावर, आणि त्यांना दिसला होता त्याच्याही थोडा पुढे गेला.

तीन गोष्टी. 'ते खरं आहे' आणि 'आम्हाला कोणीच उठवत नाही' या दोन वाक्यांत पहिलं काढून बघ, दुसरं एकटं पुरेसं आहे का ते मोठ्याने वाचून ठरव. 'त्यांनी खुर्ची हिसकावलेली नाही' ठेव, त्यामुळे मुलांवर आरोप येत नाही.

दुसरं, मालक आले, मैत्रिणी आल्या, आई आली, वॉर्डनचं म्हणणं मात्र निबंधात नाही. दहा ही वेळ कोणी ठरवली, कधी ठरवली, ती बदलावी म्हणून कोणी अर्ज केला होता का, हे त्यांना विचार. त्या कदाचित असं काही सांगतील की तुझा तिसरा परिच्छेद पुन्हा हलेल. हलू दे.

आणि शेवटाचं आत्ता ठरवू नकोस. वॉर्डनशी बोलणं झालं की शेवट बहुतेक त्यातूनच निघेल. पक्का खर्डा गुरुवारी द्यायचा असेल तर उद्याच गाठ त्यांना, सकाळी हजेरीच्या वेळी नको, दुपारी त्या जरा मोकळ्या असतात.